आठ गुणांसाठी निबंध कशाला लिहायचा?

मुलुंडच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी मराठी माध्यमात नववीत, पुढे सायन्सला जायचंय. शाळेतल्या बाई दर आठवड्याला एक निबंध लिहायला लावतात आणि त्यात रविवारची सकाळ जाते. दहावीला निबंधाला गुण आठ. मोबाइलवर विषय टाकला की मिनिटभरात निबंध हजर. मग गणित-विज्ञानाचा वेळ इथे का घालवायचा? एखादं चांगलं निबंधांचं पुस्तक सुचवा, पाच-सहा निबंध पाठ करून घेतो, असं त्यांचं म्हणणं.

पाठच करून घेणार असाल, तर वेळ वाया जातो हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पाठ केलेल्या निबंधाचा मुलीला काडीचाही उपयोग नाही, परीक्षेतही फारसा नाही. मी लालबाग-परळ भागात बरीच वर्षं मराठी शिकवते आणि बोर्डाचे पेपर तपासत आले आहे. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला की तिसऱ्या-चौथ्या पेपरला कळतं, ही सगळी मुलं एकाच क्लासची. नदी एकाच वाक्याने बोलायला लागते, फाटक्या पुस्तकाला एकाच कोपऱ्यात हुंदका फुटतो. अशा निबंधात चूक काढायला जागा नसते आणि गुण द्यावेत असंही काही नसतं. तपासणारी मधलाच आकडा टाकते आणि पान उलटते. विषयाला थोडा जरी पीळ दिला तरी घात होतो. प्रश्न असतो रस्तारुंदीत तोडलेल्या झाडाच्या मनोगताचा. पाठ असतं सावली देणाऱ्या झाडाचं मनोगत. मग तोडलेलं झाड शेवटच्या ओळीपर्यंत वाटसरूंना गारवा देत राहतं.

तेव्हा पाठांतर बाजूला ठेवून बोलू.

शाळेतल्या बाकी सगळ्या प्रश्नांमध्ये उत्तराची हद्द प्रश्नानेच आखलेली असते. ‘प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय’ म्हटलं की काय लिहायचं आणि कुठे थांबायचं हे पुस्तकाने ठरवून दिलेलं असतं. निबंधात हे सगळं मुलीच्या गळ्यात पडतं. सुरुवात कुठून करायची, काय घ्यायचं, काय सोडायचं, आधी काय आणि नंतर काय, आणि मुळात आपलं म्हणणं काय. आमच्या मुलांना हेच सगळ्यात जड जातं, कारण दहा वर्षांत हा निर्णय त्यांच्यावर कोणी सोपवलेलाच नसतो. निबंध लिहायला दिला की वर्गात पहिला प्रश्न येतो, “बाई, मुद्दे द्या ना.” मुद्दे दिले की निबंध तिथेच संपला. उरतं ते हस्ताक्षर.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण सगळा मामला त्यात आहे. विषय नेहमीचाच होता, ‘मुंबईतला पाऊस’. एका मुलीने वहीत लिहिलं होतं की सृष्टीने हिरवा शालू नेसला आणि मोर थुईथुई नाचू लागले. ही मुलगी बैठ्या चाळीत राहणारी. तिला विचारलं, तुमच्याकडे जोराचा पाऊस आला की पहिलं काय होतं गं? ती म्हणाली, “आई गॅसचा सिलिंडर पलंगावर ठेवते आणि माझं दप्तर माळ्यावर टाकते.” म्हटलं, मग हे लिही. तिला ते खरंच वाटेना. असलं काही निबंधात लिहितात का?

लिहिलं तिने. सिलिंडर आला, दप्तर आलं, ओट्यावर बसून काढलेली रात्र आली. आणि मग तिच्या हातून एक वाक्य गेलं: ‘आमच्या गल्लीत पाणी भरतं, समोरच्या सोसायटीत भरत नाही, कारण’. इथे पेन थांबलं, कारण ‘कारण’ लिहिल्यावर पुढे काहीतरी लिहावंच लागतं. बोलताना आपण ‘कारण म्हणजे असंच’ म्हणून सुटतो, कागदावर सुटता येत नाही. दोन दिवसांनी ती विचारून आली. सोसायटी बांधताना भराव टाकून जोतं उंच केलं होतं आणि गल्ली होती तिथेच राहिली. शिवाय भरतीच्या वेळी पाणी ओसरत नाही असं शेजारचे काका म्हणाले होते. मग मी भूगोलाच्या सरांना मध्ये घेतलं. मुंबईतलं पावसाचं पाणी नाले आणि पर्जन्यवाहिन्यांमधून समुद्रात आणि खाड्यांमध्ये जातं. त्यांची बरीचशी तोंडं भरतीच्या पातळीच्या खाली येतात. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला की पाण्याला बाहेर जायला वाट उरत नाही. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह इथली उदंचन केंद्रं त्यासाठीच आहेत. ती पाणी पंपाने समुद्रात फेकतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हाही भरती आड आलीच होती.

हे सगळं त्या निबंधात मावलं नाही, मावायचं कारणही नव्हतं. तिने दोनच वाक्यं घेतली, पण ती दोन वाक्यं तिची होती. आता सांगा, हे मराठी झालं की विज्ञान?

तुमची मुलगी सायन्सला जाणार म्हणून मुद्दाम सांगते. ‘मला कळलंय’ असं वाटणं आणि खरंच कळणं यातली फट लिहायला बसल्यावर दिसते. धडा वाचताना सगळं सोपं वाटतं, कारण वाक्यं दुसऱ्याने जुळवलेली असतात. तीच गोष्ट आपल्या वाक्यांत मांडायला घेतली की कुठला सांधा निखळलाय ते लगेच उघडं पडतं. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ स्टीव्ह ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये पहिली ते बारावीच्या मुलांवरचे ५६ प्रयोग एकत्र करून तपासले. विज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि गणित या विषयांत लिहून शिकलेल्या मुलांचं शिकणं सरासरीने अधिक पक्कं झालं होतं. फरक डोळे दिपवणारा नव्हता. सरासरीत मात्र तो स्पष्ट होता, आणि गणितातसुद्धा. आपल्याकडे चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद विज्ञान निबंध स्पर्धा घेते, ती याच वाटेवरची. मुलीला विज्ञानाची गोडी असेल तर तिचे विषय बघा.

मुंबईच्या विद्यार्थ्यांना निबंध ही गोष्ट काही नवी नाही. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनाने स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. दादाभाई नौरोजी तिच्या पहिल्या फळीत होते. सभेत एकाने निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर तुटून पडायचं, असा तो रिवाज. पुढे तिच्या मराठी आणि गुजराती शाखाही निघाल्या. एका बैठकीत एका सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा झाली, आणि १८४९ मध्ये याच मंडळींनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. फावल्या वेळात, बिनपगारी, स्वतः शिकवून. निबंध वाचून हात झटकता आले असते. पण चार लोकांपुढे आपलं म्हणणं नीट मांडून बसलं की त्याला जागावं लागतं, असं मला वाटतं.

दुसरं नाव तर आमच्या परळचंच. परळच्या चाळीत राहून एल्फिन्स्टनमध्ये शिकलेले डॉ. आंबेडकर ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर निबंध वाचतात. वय २५, अजून विद्यार्थीच. गोल्डनवायझर या मानववंशशास्त्राच्या प्राध्यापकांच्या चर्चासत्रासाठी लिहिलेला तो निबंध पुढच्या वर्षी ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. मोठ्या मुलांना मी त्याची बांधणी दाखवते. आधी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले ज्ञानकोशकार केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या एकेक करून समोर ठेवल्या आहेत. प्रत्येकात काय पटतं आणि काय अपुरं पडतं ते सांगितलं आहे. मग स्वतःचं म्हणणं येतं: जातीतल्या जातीत लग्न करायची सक्ती हेच जातीचं मर्म. दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं, मान्य तेवढं मान्य करायचं, आणि त्यानंतर आपला मुद्दा ठेवायचा. वैचारिक निबंध शिकवायला याहून चांगला धडा मला तरी सापडलेला नाही. नववीच्या मुलीला तो आत्ता जड जाईल, पण रीत समजेल.

आता गुणांचं बोलू, कारण ते तुमच्या मनातून जाणार नाही. आतापर्यंतच्या आराखड्यात कुमारभारतीच्या, म्हणजे दहावीच्या मराठीच्या, ८० गुणांच्या लेखी परीक्षेत निबंधाला ८ गुण असतात हे खरं. पण तो ज्या उपयोजित लेखनात येतो त्याला २४ आहेत. पत्राला ६, जाहिरात-बातमी-कथा यांतल्या दोहोंना मिळून १०, आणि निबंधाला ८. शिवाय गद्य-पद्य विभागांतले स्वमताचे प्रश्न वेगळेच. या सगळ्याला हात एकच लागतो. पुढे कधी स्पर्धा परीक्षांचा विचार झाला, तर यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत निबंधाचा स्वतंत्र पेपर २५० गुणांचा असतो, तीन तासांत दोन निबंध, मराठीतही लिहिता येतात. एमपीएससीनेही २०२५पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली आणि निबंधाला २५० गुण ठेवले. वस्तुनिष्ठ प्रश्नांचे गोळे काळे करत मोठी झालेली कितीतरी हुशार मुलं आता तिथे अडखळतात. पण हे कारण मी मुलीला सांगणार नाही. चौदा वर्षांच्या मुलीला यूपीएससीसाठी पाऊस बघायला लावणं हा जुलूम आहे.

मोबाइलचा मुद्दा. यंत्र लिहितं त्या निबंधात शुद्धलेखन बऱ्यापैकी असतं, परिच्छेद नेटके असतात, शेवट गोड असतो. पण जगात झाडावरच्या एका निबंधाची कमतरता होती म्हणून बाईंनी तो लिहायला सांगितलेला नाही. शिवाजी पार्कच्या नेटवर तुमच्याऐवजी दुसरा कोणी रोज बॅटिंग करून आला, तर हात त्याचा बसणार, तुमचा नाही. तरीही यंत्रावर बंदी घाला असं मी म्हणत नाही. माझ्या वर्गात मी ते उलटं वापरते. आधी मुलांनी स्वतःचा निबंध लिहायचा. मग त्याच विषयावर मोबाइलकडून एक काढायचा आणि त्यातली जी वाक्यं कुठल्याही गावातल्या कुणीही लिहिली असती, त्यांखाली रेघ मारायची. निबंध रेघांनी भरून जातो. मग तीच पेन्सिल स्वतःच्या निबंधावर चालवायची. इथे पोरं गप्प होतात.

घरी काय करायचं? रविवारची अख्खी सकाळ नको. अर्धा-पाऊण तास पुरे, आणि त्यातला पहिला भाग तोंडी. ती लिहायला बसण्याआधी तिला एवढंच विचारा: “तुला नेमकं काय सांगायचंय? एका वाक्यात सांग.” सांगता आलं नाही तर आज लिहू नका, बोलत बसा. हे बोलणं म्हणजे वेळ घालवणं नव्हे, निबंधाचा निम्मा भाग तिथेच होतो.

विषय घराजवळचे घ्या. सोसायटीच्या पुनर्विकासाला आजीचा विरोध का आहे? ती बाजू नीट मांडून मग आपली मांडायची. दादरचा फुलबाजार पहाटे बघितला असेल तर तो. ‘लोकल आठवडाभर बंद पडली तर’ हा विषय सगळेच देतात आणि सगळी मुलं ‘मुंबई ठप्प होईल’ म्हणून मोकळी होतात. त्यांना मी विचारते, पहिल्या दिवशी कोण अडेल? मालडब्यातून टोपल्या नेणारी कोळीण, डबेवाले, रात्रपाळी संपवून कर्जत-कसाऱ्याला परतणारी नर्स. तिसऱ्या दिवशी कोण अडेल? भाजीचा भाव कधी चढेल? असं एकेक पाऊल टाकायला लागलं की कल्पनाविस्तार म्हणजे नुसतं हवेत उडणं राहत नाही.

आत्मवृत्त या प्रकाराविषयी माझं मत फार चांगलं नव्हतं, फाटक्या पुस्तकांनी ते बिघडवलं होतं. पण विषय नीट दिला तर त्यातही जीव आहे. आमच्या भागात एकदा ‘बंद गिरणीच्या भोंग्याचं मनोगत’ असा विषय दिला. मुलांना घरी विचारल्यावाचून गत्यंतरच उरलं नाही. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, हे पुस्तकात मिळेल. पण भोंगा झाल्यावर घरात कोण कुणाला उठवायचं, पाळी बदलली की खोलीत झोपायची जागा कशी बदलायची, हे आजोबाच सांगणार. काहींच्या घरात त्या विषयावर पहिल्यांदाच बोलणं झालं.

तपासताना लाल पेन दूर ठेवा. पहिल्या वाचनात ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नका. शुद्धलेखनाला महत्त्व आहेच, मी त्यात ढिलाई करत नाही, पण ते दुसऱ्या फेरीत. ज्या मुलाच्या पहिल्याच ओळीवर चार लाल गोळे पडतात ते पुढच्या वेळी फक्त स्वतःला येणारे शब्द वापरतं, आणि भाषा तिथेच आखडते. पहिल्या फेरीत समासात दोनच प्रश्न लिहा: ‘हे कशावरून?’ आणि ‘मग पुढे काय?’ तुम्हाला मराठीचे नियम माहीत नसले तरी हे दोन प्रश्न विचारता येतात. दुसऱ्या फेरीत तिला एक परिच्छेद काढून टाकायला सांगा. कोणता, ते तिने ठरवायचं आणि का ते सांगायचं. बहुतेक वेळा पहिलाच परिच्छेद जातो. ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ने सुरू होणारा तर जायलाच हवा.

सुविचार आणि कवितेच्या ओळी पेरायच्या का, असं पालक नेहमी विचारतात. काही परीक्षकांना आवडतात, हे लपवत नाही. एखादी ओळ आपसूक आठवली तर चालेल. आधी ओळ ठरवून मग तिच्यासाठी परिच्छेद उभा करायचा, हे नको. घरात मालवणी, आगरी, वऱ्हाडी बोलत असतील तर संवादात ती बोली येऊ द्या. आजी प्रमाण मराठीत बोलायला लागली की खोटी वाटते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. मुलगी तोंडी भरभरून सांगते आणि कागदावर चार ओळींपलीकडे जात नाही, अक्षरं उलटसुलट होतात, हात दुखतो म्हणते, असं सतत होत असेल तर त्याला आळस म्हणू नका. सायन आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाकडून जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. अशा मुलांचा निबंध आधी बोलून रेकॉर्ड करून घ्यावा. विचार मांडायची सवय तेवढ्यानेही लागते.

आणि दर आठवड्याला निबंध देणाऱ्या बाई तो वाचतही असतील, तर त्यांना एकदा भेटून या. वर्गात साठ मुलं असताना साठ निबंध वाचणं म्हणजे त्यांचाही रविवार गेलेला असतो. म्हणूनच कित्येक ठिकाणी फळ्यावरचा निबंध उतरवून घ्यायची पद्धत पडली. मला ती पटत नाही, पण कुठून आली ते कळतं.

राहिलं पुस्तक. निबंधांचं पुस्तक मी सुचवणार नाही. त्याऐवजी घरी मराठी वर्तमानपत्र येत असेल तर त्यातली वाचकांची पत्रं तिला आठवड्यातून दोनदा वाचायला द्या. दीड-दोनशे शब्दांत एक माणूस एक मुद्दा मांडतो. पत्रलेखकाचं म्हणणं काय, पुरावा काय, आणि पुरावा नसताना नुसता आवाज कुठे चढवलाय, हे तिला शोधू दे. दोन-तीन महिन्यांत ती स्वतः एक लिहील. वर्तमानपत्राने नाही छापलं तर शाळेच्या रस्त्यावरचा उखडलेला फुटपाथ नाहीतर बंद पडलेला दिवा धरून मुलुंडच्या टी वॉर्ड कार्यालयाला पाठवा. पोच मात्र मागून घ्या. पत्रलेखनाच्या सहा गुणांची तयारी त्यातच होते, वेगळा क्लास लागत नाही.